रशीदभाऊंनी मान हलवली नाही

अमरावतीच्या अभ्यासिकेत काही वर्षं काढली, की नोट्सपेक्षा किस्से जास्त जमतात. नोट्स रद्दीवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते असे ऐकवावे लागतात!

आमचा एक कायदा होता. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सिलॅबस भिंतीवर चिकटवलेला. त्यातल्या एखाद्या ओळीवर टिक मारायची, तर ती ओळ परीक्षेशी घेणंदेणं नसलेल्या माणसाले समजावून सांगायची. त्यानं 'समजलं' म्हणून मान हलवली, की टिक! पुण्याचे क्लासवाले हसतील. हसू द्या, आपला कायदा आपल्यापाशी!

*

परतवाड्याचा गजा. सिलॅबसात साधी ओळ, 'महाराष्ट्र, भारत आणि जगाचा भूगोल'. गड्यानं थेट सूर्यमालेपासून सुरुवात केली. दिवाळी आली तरी हा शनीच्या कड्यांतच!

मी म्हटलं, "गजा, महाराष्ट्रात कधी येतं बे?"

"थांब ना भाऊ, पृथ्वी आत्ताच थंडी होऊन राहिली!"

*

अकोल्याची रेहाना. तिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान. तिच्याकडे ओळ आली 'शाश्वत विकास'.

"अब्बा, तुमी लहान पोराच्या प्यांटीले खालून कापड दुमडून ठेवता ना, पुढच्या साली लांब कराले? तसंच. आज सारं वापरायचं नाही, पुढच्यासाठी ठेवायचं."

अब्बांनी लगेच मान हलवली. तेव्हापासून दुकानात कोणी पोराले घेऊन आलं, की ते विचारतात, "साहेब, शाश्वत विकास करून देऊ का?"

*

आन् आमची सुनीताताई, चांदूर बाजारची. इतिहास, राज्यघटना तोंडपाठ, पण पेपर दोनचं गणित दिसलं की घाम फुटे. हा पेपर नुसता पास व्हायचा असतो, पण त्यात गेलं की पहिल्या पेपरातले मार्क कोणी पाहतही नाही. मागच्या खेपेला तिचं तसंच झालं. वयाच्या अटीत आता ही शेवटचीच संधी.

"आता गेली तं गेलीच," ती म्हणाली, तेव्हा गजाही शनीवरून खाली आला.

आम्ही तिले 'काळ, काम, वेग' ही ओळ दिली. ती रोज काळी-पिवळी जीपनं यायची, ड्रायव्हर रशीदभाऊंच्या बाजूच्या सीटवर. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "भाऊ, तुमी साठनं चालले आन् मांगून एक गाडी ऐंशीनं आली, तं ते तुमाले कधी गाठंन?"

रशीदभाऊंनी कचकन ब्रेक मारला. "ताई, तुमी आरटीओवाल्या तं नाही ना?"

झालं, रोजचा तास सुरू! ती जीव तोडून समजावे, आन् उतरताना रशीदभाऊ म्हणत, "नाही समजलं ताई. उद्या पुन्हा सांगा." बिचारी घरी जाऊन दुसरं उदाहरण तयार करे. त्यांनी काही मान हलवली नाही. परीक्षा आली तरी भिंतीवर ती एकच ओळ टिकेविना राहिली.

निकाल लागला. सुनीताताई दोन्ही पेपरात निघाली! माझी छाती अशी फुगली, जशी मीच पास झालो. आम्ही सारे तिले सोडाले जीपपर्यंत गेलो. गजानं ओरडून सांगितलं, "रशीदभाऊ, ताई पास झाली!"

रशीदभाऊंनी गमछ्यानं पुढची सीट पुसली. मग हळूच म्हणाले, "ताई, ते गणित तं मले पहिल्याच हप्त्यात समजलं होतं."

"मंग मान काहून नाही हलवली, भाऊ?"

रशीदभाऊंनी गिअर टाकला. "हलवली असती, तं तुमी रोज नवं उदाहरण केलं असतं काय? बसा मॅडम. आज ऐंशीनं नेतो!"