ठगूच्या बैलाचा जबडा

जे लिहायला बसलोय ते माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं, आणि ती तर गेली. पोरांना माहीत नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर वाकडं आहे, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. दुसऱ्याच्या हातानं लिहिलं की दुसराच बोलल्यासारखं होतं — आणि ही गोष्ट माझ्याच हाताची आहे.

म्हणून आधी हाताचं सांगतो.

भडगावला आमचं जिन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. मी तिथे रुईचे थैले शिवायचो. वीतभर लांब दाभण, त्यात सुतळी. एकानं थैल्याच्या तोंडात हात घालून रुई दाबून धरायची, दुसऱ्यानं त्या हाताच्या कडेकडेनं शिवत जायचं. मी दाभणाकडे कधी बघितलं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघत शिवायचो, गप्पा मारत. बारा वर्षांत कुणाच्या नखाला ओरखडा नाही. हे लक्षात ठेवा. नंतर मी काय सांगितलं, ते त्याशिवाय कळायचं नाही.

आणि हा हात शिवण्यापुरताच होता का? माझ्या पागोट्यावरून एक जण हसला, तर त्याचे दोन दात पाडले. घरात माझ्यापुढे कुणी बोलायचं काम नव्हतं. मला हसलेलं चालत नसे. आजही चालत नाही.

पहिली मोठी लढाई संपली त्याच्या आसपास शाळेत एक नवे मास्तर आले, धुळ्याकडचे, तरुण. पोळ्यानंतर डिप्टीसाहेब तपासणीला येणार, तर पोरांनी हातात घालून नाचवायची जनावरं करून दाखवावी, असं त्यांच्या मनात आलं. आणि तीही लोक फेकून देतात त्या वस्तूंची. फाटकी बारदानं, रॉकेलच्या डब्याचा पत्रा, रुईचा कचरा, केळीचं वाळकं सोपट. ते जिनावर बारदानं मागायला आले आणि मलाच घेऊन गेले. पावसाळ्यात जिन बंदच असायचं.

मी मास्तरांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. पोरं मला नाना म्हणायची. केवढा फुगलो होतो, सांगू? दुसरीत मला ज्या शाळेतून हाकललं, त्याच शाळेत मी शिकवत होतो.

पोरांनी अस्वलं केली, माकडं केली, एक वाघ केला. बैल मी केला. बारदानाचं डोकं, आत रुई, पत्र्याचा जबडा. आत हात घातला की जबडा वरखाली व्हायचा. पोरं बघतच राहिली.

त्यांत ठगू होती. नऊ-दहा वर्षांची. आधीची दोन लेकरं गेली म्हणून मरणाला फसवायला हिचं नाव ठगू ठेवलं, तशी आमच्याकडे रीत आहे. बाप गुरं राखायचा. पोरीला शाळेत घालायला तो तयार नव्हता, मास्तरांनी पाय धरल्यासारखं करून आणली होती. डिप्टी येऊन जाईपर्यंत बघतो, असं म्हणाला होता.

ठगूनं माझा बैल बघितला आणि म्हणाली, "नाना, तुमना बैल कुत्रागत चावस. बैलनं तोंड आडवं फिरस."

मागून एक पोरगं म्हणालं, "नानाना बैल भुकस रे."

सगळी हसली. मास्तरही हसले. ठगू हसली नाही, तिनं फक्त सांगितलं होतं. गुरांत वाढलेली पोर, रवंथ करणारं जनावर तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितलं होतं. खरं होतं का तिचं? होतं. म्हणूनच तर —

थांबतो जरा.

दुसऱ्या दिवशी तिनं आपला बैल आणला. पत्र्याचा जबडा एकाच सुतळीवर टांगलेला, अंगठा हलवला की आडवा फिरायचा. हुबेहूब. मास्तर म्हणाले, डिप्टीसाहेबांना हाच दाखवू. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, याची मान तेवढी पक्की शिवून द्या."

मी म्हणालो, देतो. ठगूला सांगितलं, हात आत ठेव, म्हणजे माप बरोबर येतं. जिनातली रीतच ती. तिनं हात घातला. मी समोर बसलो, नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघत. ती खूश होती. नाना आपला बैल शिवतोय म्हणून खूश होती. चार टाके घातले. आतला अंगठा कुठे आहे ते मला बोटांना कळत होतं, न बघता. पाचव्या टाक्याला मी दाभण तिथे मारलं. अंगठ्याच्या मुळाशी. हाडाला लागून पलीकडे निघालं. आणि मी सुतळी ओढली. तीही ओढली.

ती ओरडली नाही लगेच. आधी माझ्याकडे बघितलं.

मास्तर धावले. बारदान लाल झालं होतं. मी म्हणालो, "पोरीनं हात हलवला." माझा हात चुकला, एवढंही म्हटलं नाही. मुद्दाम मारल्याचं लपवायचं तर होतंच, पण दाभण सटकलं असंसुद्धा मला कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. नानाचं दाभण चुकत नाही, हे गावाला माहीत होतं.

तिचा बाप आला. वेणी धरून तिला पटांगणात ओढलं, लाथ घातली. "तुले सांगं व्हतं घर बस म्हणून. तुना हात का हालना?" त्या रक्ताच्या हातावरच दुसरी लाथ बसली. मास्तर आडवे आले तर त्यांनाही ढकललं. मी दाभण धोतराला पुसत उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर लाथ थांबली असती. आणि ती काय म्हणाली? माझ्याकडे बघून म्हणाली, "मन्हाच हात हालना, नाना." आपलाच हात हलला म्हणे.

का म्हणाली? पंचवीस वर्षं झाली, मला कळलेलं नाही. मी हे मुद्दाम केलं, असं तिच्या मनातच आलं नसेल. की आलं होतं?

हात सुजला, पिकला. मग तिला डाग द्यायचं ठरलं. तापवलेली सळई लावायची, तर पोरीला घट्ट धरणारा माणूस हवा. मी धरली. आपणहून गेलो. लोक म्हणाले, नानाला पोरीची केवढी माया. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली, ते दात अजून उमटलेले आहेत. कुणी विचारलं की कुत्रा चावला म्हणतो.

अंगठा आणि शेजारचं बोट आखडून बसलं. शाळा सुटली ती सुटलीच.

तिचा बैल रक्तानं खराब झाला म्हणून मास्तरांनी माझ्याकडे दिला. मी तो फाडला. दातांनी सुतळी तोडली. जबडा तेवढा काढून धुतला आणि माझ्या बैलाला लावला. डिप्टीसाहेबांसमोर माझा बैल रवंथ करत होता. साहेबांनी माझ्या खांद्यावर उपरणं घातलं. मास्तर त्या जबड्याकडेच बघत होते. त्यांनी तो पत्रा ओळखला होता, असं मला वाटतं. पुढे ते बदलून गेले.

तेव्हापासून दर पोळ्याला पोरं दाराशी येतात, नाना, रवंथ करणारा बैल दाखवा. मी दाखवतो. या पोळ्यालाही दाखवला.

ठगू आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. डाव्या हातानं चारा तोडते, डाव्या हातानं पोळ्या लाटते. रस्त्यात भेटली की डोक्यावरचा पदर सारखा करून विचारते, "बरं शे ना, नाना?" मी म्हणतो, बरं आहे.

तिचा हात हलला नव्हता. दगडासारखा स्थिर होता. जबडा तिचा आहे. उपरणं माझ्या पेटीत आहे.