दर्शनाकाकूंचं नवं

आमच्या परळच्या चाळीत दर्शना घाडींशी बोलायचं तर आधी त्यांचं बोलणं संपायची वाट बघावी लागते, आणि ते संपत नाही. सगळी नोकरी बालवाडीत गेली, त्यामुळे समोरचा माणूस साठीचा असला तरी त्या त्याला तोंडावर बोट ठेवायला लावतात. मी त्यांचा शेजारी. माझं बोट पार झिजलंय.

निवृत्त झाल्यावर काकूंनी एक नवाच उद्योग मांडला. इथल्या इस्पितळांत जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरून आदिवासी मुलं उपचाराला येतात. तपासण्या लांबतात, राहायला जागा नसते, आईबाप फुटपाथवर पथारी पसरतात. काकूंनी आपली बाहेरची खोली अशा कुटुंबांसाठी मोकळी केली. कुणी "केवढे उपकार करता हो" म्हटलं की फटकन उत्तर येतं, "उपकार कसले? जेवण, औषध नि शाळा पोराच्या हक्काची. मी नुसती वाढपी." पोर आजारी असलं तरी सकाळी गॅलरीत पाटी घेऊन बसलंच पाहिजे आणि रोज एक प्रश्न विचारलाच पाहिजे, हा त्यांचा नियम.

गेल्या दसऱ्यानंतर रोशनी वरठा आली. वारली पोर, आठेक वर्षांची, हृदयाला भोक. चार पायऱ्यांतच धाप लागायची, म्हणून आई काशी तिला कडेवर घेऊन वर आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी वजन वाढवा, मगच ऑपरेशन.

"वजन? ह्या माका सांगूक होया?" काकूंनी पदर खोचला. नेमकं त्याच दिवशी त्यांच्या भावाने कणकवलीहून पोतं पाठवलं. नव्या भाताचा तांदूळ आलाय हे काकूंनी अख्ख्या चाळीला ओरडून सांगितलं आणि कुकर चढवला.

रोशनी भाताला शिवेना. डाळ प्यायची, चपातीचा तुकडा चघळायची आणि ताट सरकवायची. काशीही मान खाली घालून "भूक नाय" म्हणायची. काकूंनी पेज करून पाहिली, मऊ भात तुपासकट कालवून पाहिला. आधी त्या रागावल्या, माझ्या हातचा भात नको म्हणजे काय! मग पुढच्या तपासणीत वजन आणखी उतरलेलं निघालं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. नळावर मला म्हणाल्या, "पोर हातची जातली रे."

दुसऱ्या दिवशी गॅलरीत धडा संपला आणि रोशनीने आपला रोजचा प्रश्न विचारला.

"काकू, तुमच्या घरी नवं कधी झालं?"

नवं म्हणजे नवीन धान्य आधी देवाला दाखवायचं, मग माणसांनी खायचं. तोवर त्याला तोंड लावायचं नाही. काशी चाचरत म्हणाली, "आमचं नाय झालं अजून. पोरीशिवाय करायचं नाय म्हणून घरचे थांबलेत. ही म्हणते, आजी खात नाय तर मी कशी खाऊ? तुम्ही एवढ्या मायेनं रांधता, सांगायचं कसं?"

काकू गप्प झाल्या. इतक्या गप्प, की मी काळजीने बाहेर आलो. त्यांची आईसुद्धा आंब्याच्या पानांत लोंब्या बांधून दारावर लावल्याशिवाय नव्या तांदळाला कुणाला हात लावू द्यायची नाही. मुंबईत पोतं यायचं आणि कुकर लागायचा, ते सगळं त्या विसरूनच गेल्या होत्या.

"अगो माझ्या बाय, मी तुमका बोलूकच दिलंय नाय!" म्हणत त्यांनी मायलेकींना जवळ घेतलं. मग मोर्चा माझ्याकडे वळला. "जा, वाण्याकडून जुना तांदूळ आण. नवा आणलास तर तुझ्याच डोक्यावर ओतीन!"

त्या दुपारी रोशनीने भात मागून घेतला, पुन्हा मागून घेतला. मला तर नाचावंसं वाटलं. काकूंनी पोत्याचं तोंड शिवून ते माळ्यावर टाकलं. रोशनीच्या घरी नवं होईपर्यंत आपणही खाणार नाही, असं जाहीर केलं.

वजन वाढलं, ऑपरेशन नीट झालं, चाळीने पेढे खाल्ले, मायलेकी पाड्यावर गेल्या. मी अधूनमधून चिडवायचो, "काकू, पोत्यात पोरकिडे झाले असतील." पोतं काही उतरलं नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी जिना धडधडला. रोशनी! शाळेचा गणवेश, हातात भाताच्या लोंब्यांची जुडी, आणि एका दमात तिसरा मजला. काशी बिचारी खाली दुसऱ्यावरच कठड्याला धरून उभी.

"हळू गो, हळू!" काकू किंचाळल्या.

रोशनी स्टुलावर चढली आणि तिने जुडी काकूंच्या दाराला बांधली. "आमचं नवं झालं काकू. सगळे थांबले होते माझ्यासाठी. आता तुम्ही जेवा."

काकू ढसाढसा रडल्या. मी डोळ्यांतलं पाणी लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही. पोतं मी उतरवलं, तांदूळ निवडला, आणि गॅलरीत पंगत बसली. काकू डोळे पुसून काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात रोशनीने पहिला घास त्यांच्याच तोंडात घातला.