शेजारच्या दारातली मेई

देवासाठी शेजाऱ्याची फुलं तोडली तर ती चोरी होत नाही, असं माझी आई मानते. गावाकडे सगळेच तोडतात. मीही तोडलीत.

आई गावाहून परदेशी, आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आली तेव्हा चिनी नवं वर्ष चार दिवसांवर होतं. शेजारच्या आंटींनी दाराबाहेर कुंडीत मेई आणून ठेवली होती. मेई म्हणजे चिनी प्लमचं झाड. पान एक नाही, नुसत्या काटक्या आणि त्यांवर गुलाबी कळ्या. भर थंडीत फुलते म्हणून तिचा मान मोठा. पाच पाकळ्या म्हणजे पाच सुखं. नव्या वर्षाच्या सकाळी फुललेली हवी. इथल्या उकाड्यात ती आधीच फुलून जाऊ नये म्हणून आंटी मातीवर बर्फाचे खडे ठेवायच्या. अंकलचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. हे वर्ष त्यांना चांगलंच हवं होतं.

आणि आईने एका सकाळी अर्ध्या झाडाच्या कळ्या खुडून देवाला वाहिल्या.

"अगं, वाळलंच होतं ते. म्हटलं, मरायच्या आधी देवाच्या पायी तरी जाऊ दे."

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. मीटिंगमध्ये कुणाला भीत नाही. पण आंटींची बेल मी तिसऱ्या खेपेला वाजवली.

"कळ्या मांजराने खाल्ल्या?" आंटींनी विचारलं.

"नाही आंटी. आईने देवाला वाहिल्या."

"युनिव्हर्सिटीत शिकलीस ना तू? आईला सांगायचं, लाह!" रागावल्या की आंटींचं वाक्य इथल्या बोलीतल्या या 'लाह'वर आपटतं.

"काय म्हणतात?" मागून आई.

"मला ओरडतायत."

"मग ठीक आहे."

आंटींनी मला विचारलं, "देवाकडे काय मागितलं तिने?"

मी आईला विचारून सांगितलं, "सगळ्यांना सुखी ठेव."

"सगळ्यांना? अंकलचं वेगळं नाही?"

हे मी आईला सांगितलं. ती तडक देवघरात गेली, अंकलसाठी वेगळे हात जोडून परत आली. मान हलवून म्हणाली, "झालं." आंटींना भाषांतर लागलं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी बेल वाजली. उरलेली अर्धी मेई फुलली होती. शेजारी नव्या लाल शर्टात अंकल उभे. आंटींनी आईला हाताला धरून कुंडीपाशी नेलं. आई वास घ्यायला वाकली, आणि वाकता वाकता तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

अंकल इतके हसले की आंटींनी त्यांना दटावून खुर्चीत बसवलं.