आमच्याकडून पुढे हिमालय

फरीदाबादचं आमचं घर म्हणजे पुण्याच्या नातेवाइकांसाठी हिमालयाचा पायथा. मे महिना आला की सगळे आमच्याकडे उतरतात, अंघोळी करतात, पोहे खातात आणि संध्याकाळच्या बसने कुलूकडे निघतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे परवाने, वाटाड्या, खोल्या, सगळं मीच फोनवरून ठरवते. कुठल्या पुलानंतर चढ लागतो हेसुद्धा मला पाठ आहे. मी मात्र एकदाही गेलेले नाही.

यंदा चिडून फक्त आम्हा नवरा-बायकोचं बुकिंग केलं. नवे बूट आणले आणि ते घालून बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्याही मारल्या. तेवढ्यात पुण्याहून दिरांचा फोन आला. "वहिनी, पंधरा तारखेला आम्ही सहाजण येतोय."

"तेव्हा आम्ही घरी नाही. आम्हीच पहाडात चाललोय."

"अरे वा! खुशाल जा," ते म्हणाले. "पण मग आम्ही उतरायचं कुठे?"

मी त्यांना चांगलं फटकारणार होते. तोंडातून निघालं, "थांबा भावजी, आमची तारीख बदलून बघते."

तिकडच्या खोलीवाल्याला फोन लावला. माझा आवाज ऐकताच त्याने विचारलं, "मॅडम, इस बार कितने मेहमान भेज रही हो?"

"छह," मी म्हणाले.