मावशीने न गाळलेलं कलम

माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्याने काढली त्याला मला एकदा भेटायचंय. माझी माय मेली, मावशी जगली, तिनेच मला वाढवलं. म्हण खरी ठरली. पण मायला मारलं कोणी ते म्हणीत नाही, म्हणून मी सांगते.

मावशी सरकारी खात्यात भाषांतरकार. आमच्या सरकारला स्वतःचं डोकं चालवायचा भारी कंटाळा. कुठल्या तरी श्रीमंत देशात एखादा कायदा नीट चालला की आमचे मोठे साहेब तिकडे दौरा करायचे आणि तो कायदा आणून मावशीच्या टेबलावर ठेवायचे. "नेहमीसारखं आटोपशीर करा," एवढंच सांगायचे. आटोपशीर म्हणजे खर्चाचं, कष्टाचं जे असेल ते गाळायचं. साहेब पहिलं पान वाचणार, शेवटच्या पानावर सही ठोकणार. मधलं सगळं मावशीच्या भरवशावर.

असाच एक आला. छोटी प्रसूतिगृहं बंद करायची, शहरात एक मोठं चालवायचं. मूळ कायद्यात पुढे असंही होतं, की जिथलं प्रसूतिगृह बंद होईल तिथे रुग्णवाहिका कायम उभी हवी. हे कलम मावशीने हट्टाने ठेवलं, साहेबांना मुद्दाम दाखवलं. साहेबांनी त्यावर आडवी रेघ मारली. "बाई, आपल्याला त्यांचा कायदा हवाय, त्यांचे लाड नकोत."

माझी आई एका आडगावात राहायची. तिथलंही प्रसूतिगृह बंद झालं. दुसऱ्या बाळंतपणाला तिला शेजाऱ्याच्या मालाच्या टेम्पोतून शहराकडे न्यावं लागलं. अर्ध्या वाटेत ती गेली. बाळही गेलं.

मावशीने नोकरी सोडली नाही. रोज त्याच साहेबांना "नमस्कार सर" म्हणायची. नातेवाईक म्हणाले, दगडाचं काळीज आहे हिचं. कसलं दगडाचं! दबा धरून बसली होती ती.

मग साहेबांनी बढतीचा परदेशी कायदा आणला. त्यांना स्वतःलाच घाईने वर चढायचं होतं. त्याच्या पोटात एक कलम होतं: बढती घेणाऱ्या अधिकाऱ्याने आधी दूरच्या ठाण्यावर दोन वर्षं काढायची, तीही घरच्या सगळ्यांना घेऊन. एरवी मावशीने ते आटोपशीर केलं असतं. या वेळी तिने कात्रीच उचलली नाही. साहेबांनी सही केली, सभागृहाने हात वर करून मंजुरी दिली, आणि पहिल्याच हुकुमात साहेबांचं नाव निघालं. ठाणं म्हणजे माझ्या आईचंच आडगाव. ते मात्र मावशीने केलं नव्हतं. देव कधीकधी आमच्याही बाजूने काम करतो.

साहेब संध्याकाळी आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"बाई, भाषांतरात चूक झाली एवढं लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

"चूक नाही झाली, सर."

"माझी मुलगी आमच्याजवळच असते. तिला सातवा महिना लागलाय. आणि तिथे काही म्हणजे काही नाही हो!"

"माहितीये," मावशी म्हणाली. "माझी बहीण तिथलीच."

साहेबांचा चेहरा उतरला. मावशी भाजी चिरत राहिली. मला आतून इतकं बरं वाटत होतं, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

साहेब गेले बिऱ्हाड घेऊन. पुढे कळलं, मुलीला मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. साहेबांनी तिथे पोचल्या पोचल्या हालचाल केली होती. त्या आठवड्यातच बंद प्रसूतिगृहाच्या दारात नवी कोरी रुग्णवाहिका उभी राहिली, ड्रायव्हरसकट.

हे ऐकून मावशी खाली बसली. आई गेली तेव्हा जी रडली नव्हती, ती आता रडायला लागली.

"म्हणजे आणता येत होती गं," ती म्हणाली. "आठवड्यात आणता येत होती."

मी तिच्याजवळ बसले. साहेबांची ती दोन वर्षं मला फार कमी वाटायला लागली.