दम खाऊ देणारं यंत्र

माझ्या भावाने भोरच्या एसटी स्टँडमागे खोली घेऊन रेकॉर्डिंगचा धंदा सुरू केला, त्याच सुमाराला मी सासर सोडून माहेरी आले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. भावाने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, कॉम्प्युटर आणला, त्याला जोडायचा, पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड आणला आणि मध्ये पडदा लावून मागची बाजू मला दिली. पडदा मीच मागितला होता. आमच्याकडे माणूस आधी ‘ही कोण?’ विचारतं, मग ‘सासर कुठलं?’ आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला कुणी हाकललं नव्हतं, माझी मीच निघून आले होते. त्याने लाज काही कमी होत नाही, उलट जास्त सांगत बसावं लागतं.

वाजवायचे मात्र मी. वेल्ह्याकडच्या आमच्या गावात भजनाची पेटी आमच्याच घरी असायची, कारण देवळाचं छप्पर गळायचं. वडील शेतावर गेले की मी ती उघडून बसायचे. पुढे त्यांनीच रीतसर शिकवलं. म्हणणारा ओळीच्या शेवटी दमला की पेटीने सूर धरून ठेवायचा, त्याचा श्वास भरला की मगच पुढची पट्टी दाबायची, ही आमच्या गावची रीत. हा उशीर इतका बारीक की ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण तो नसला तर म्हणणाऱ्याची त्रेधा उडते.

कॉम्प्युटरमध्ये माझ्या वाजवण्याचा आवाज जात नसे. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच तो टिपून ठेवायचा आणि मागाहून त्यावर पेटीचा आवाज चढवायचा. याला मिडी म्हणतात, हे भावाने सांगितलं. जुन्या सॉफ्टवेअरचं हे ‘कधी’ फार ढोबळ होतं. माझा उशीर कॉम्प्युटर ठेक्याच्या जवळच्या खुणेवर नेऊन ठेवायचा, प्रार्थनेला पोरं रांगेत उभी करतात तसा. ऐकून मी चिडायचे आणि भाऊ म्हणायचा, ‘अगं, लोकांना हेच आवडतं.’ मग त्याने नवीन व्हर्जन आणलं, हाय रिझोल्यूशनचं. त्यात मी वाजवलेलं जसंच्या तसं परत आलं. उशीर आला, बोटांचा हलकेपणा आला, चुकून पुसट लागलेली एक पट्टीसुद्धा आली. मी इतकी लाजले की उठून पाणी प्यायला गेले.

त्याच दिवसांत गुंजवण्याकडून एक भजनी मंडळ आलं. धरणामुळे त्यांच्यातल्या काहींची घरं हलली होती, पेटीवाला पुण्याकडे कंपनीत लागला होता. म्हणणारे बुवा म्हातारे, आवाज गोड, पण छातीत दम नाही. त्यांनी टाळ-पखवाजावर अभंग म्हटले, भावाने ते टिपले आणि मंडळी गेली. मग मी निवांतपणे त्या आवाजावर पेटी वाजवली. जिथे बुवा थांबले तिथे मी थांबले.

सीडी न्यायला मंडळाचे म्होरके आले. खुर्चीच्या टोकाला बसून त्यांनी ऐकलं आणि एकदम म्हणाले, ‘आरं, ह्ये यंत्र बुवास्नी दम खाऊ देतंय की!’

पेटी मी वाजवते हे कुणाला सांगायचं नाही, असं मी भावाला बजावलेलं. तो म्हणाला, ‘नवीन व्हर्जन आहे, मामा. बारीकसारीक सगळं पकडतं.’

पडद्यामागे मला गुदगुल्या झाल्या. शाबासकी कॉम्प्युटरला मिळाली होती आणि फुगले होते मी. मग त्या फुगण्याचीच लाज वाटली.

भाताची कापणी उरकल्यावर ते मामा पुन्हा आले. भाऊ चहा सांगायला गेला होता, पडदा बाजूला सारलेला होता आणि मी कीबोर्डसमोरच बसलेली. उठून जायला वेळच मिळाला नाही. ‘बसा, येतीलच ते,’ एवढं मी म्हणाले.

भाऊ आला तसं त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं. कुणाकडून तरी तेच सॉफ्टवेअर मिळवून त्यांनी वाडीतल्या एकाच्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं. तेव्हा सगळेच तसं करायचे. ‘पन त्ये मुकंच बसतंय. बुवांचं आता काई खरं न्हाई, भाऊ. पेटी संगं असली की दोन अभंग व्हत्यात, न्हाई तर एकातच खोकला. त्यांची लई विच्छा हाय सांजचं म्हनायची. तुमी येऊन त्येवढं वाजतं करून द्या.’

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, ‘मामा, त्याला वाजवणारं माणूस लागतं.’

‘मग हितं कोन वाजवतं?’

मामांनी कीबोर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘ताई, तुमी वाजवता व्हय?’

हो म्हटलं असतं तर ते हात जोडून म्हणाले असते, चला. मी गेलेही असते. आणि तिथल्या ओटीवर पाच बायकांनी विचारलं असतं, सासर कुठलं. मी टेबलावरचं फडकं उचललं.

‘छे, मला नाही त्यातलं काही कळत,’ मी म्हणाले. ‘मी आपली झाडते-पुसते.’

‘तेच म्हनलं,’ मामा म्हणाले. त्यांनी चहा संपवला, टोपी नीट केली. दारात पायात चपला सरकवताना त्यांना काहीतरी आठवलं आणि हसू आलं.

‘आमचे बुवा बी खुळे. म्हनत्यात, ह्ये यंत्र न्हाई, माज्या दमाकडं कान लावून कोन तरी बसलंय. आमी लई हसलो त्यांना.’

भाऊ हसला नाही. मी हसले.