वितीनं मोजलेला कुत्रा

ससा विहिरीच्या काठावर गर्रकन वळला आणि त्याच्या मागचा उंच कारवान जातीचा शिकारी कुत्रा सरळ विहिरीत गेला. विहीर कोरडी होती. खालून एकदाच आवाज आला.

कुत्र्याचा मालक आमच्या शेजारच्या रानातला. कुणाच्याही दारात गेला की चहाच्या आधी तिथल्या कुत्र्याच्या पायाला वीत लावून उंची मोजायचा. माझ्या बुटक्या कुत्रीला मात्र मोजायचाही नाही. मला म्हणायचा,

"आजी, ही मांजर हाय की! सशामागं लांब ढांगंचं जनावर लागतं."

"ससा काय डांबरी रस्त्यानं पळतो व्हय रं? तो वळतो. तुझ्या उंटाला वळता येतंय का बघ आधी."

"तुमास्नी न्हाय कळायचं त्यातलं."

त्या सकाळी त्यानं मला मुद्दाम बांधावर बोलावलं होतं, कुत्रा कसा पळतो ते दाखवायला. आता तो दोर बांधून स्वतःच विहिरीत उतरला आणि मेलेलं कुत्रं खांद्यावर घेऊन वर आला. माझ्याकडं बघेना. माझं खरं झालं होतं आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

माझी कुत्रीही मागून पळाली होती. ससा वळला तशी तीही वळली आणि दम लागल्यावर परत आली. त्यानं कुत्रं खाली ठेवलं, तिच्या पुढच्या पायाला वीत लावली. वीत पुरी भरली नाही. हात तसाच ठेवून तो म्हणाला, "आजी, हिला घरी न्या."

त्या सकाळी ससा जगला, आणि माझी बुटकी.